शिक्क्याची मजुरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी संपावर, बोनसवर किंवा फार तर कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळवला तो अमेरिकेतील फिरत्या नोटरींचा. चिटणीसांचा फोन आला, "विषय बरोबर ऐकला ना आम्ही?" बरोबर ऐकला होता. मी वकील नाही, पदवीधरही नाही. दहावीनंतर कारखान्यात लागलो आणि पुढचे शिकणे आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा कायद्याचे पांडित्य माझ्याकडून कोणी मागू नये. कोण माणूस कोणते काम करतो, त्याला दाम कोण देतो आणि दाम देणाऱ्याची त्याच्याकडून काय अपेक्षा असते, एवढे तीन प्रश्न विचारण्याची मला सवय आहे. तेच तीन प्रश्न घेऊन आज उभा आहे.

पण आरंभ घरचाच करतो. वयाच्या तेविसाव्या वर्षी माझ्या खात्यातल्या एका सोबत्याला मी जामीन राहिलो. पतपेढीचा कारकून कागदांची चळत घेऊन बसला होता. त्याने एकेका पानावर बोट ठेवले आणि म्हणाला, "इथं. इथं. आणि इथं." मी चौदा सह्या केल्या. एकही ओळ वाचली नाही, त्यानेही वाचून दाखवली नाही. पुढे सोबत्याचे हप्ते थकले आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. सही माझी होती, दोषही माझाच. परंतु ते बोट मात्र मी विसरलो नाही. कर्ज देणारा तेथे नव्हता, सोबती घाबरून गप्प होता, आणि आम्हा दोघांच्या मध्ये होते ते फक्त त्या कारकुनाचे बोट. पुढे मला कळले की अमेरिकेत असे बोट ठेवण्याचा एक स्वतंत्र धंदाच आहे. माणसे मोटारीत शिक्का घालून घरोघर फिरतात आणि लोकांच्या घरकर्जावर सह्या घेतात. मला हे सांगितले आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाच्या मुलीने. ती कॅलिफोर्नियात हेच काम करीत होती. वडिलांच्या आजारपणात ती महिनाभर येथे होती आणि संध्याकाळी कचेरीत येऊन बसे. तिच्या सांगण्यावरून मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता हा विषय हाती आला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नोटरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोर्टाच्या आवारातला काळा कोट येतो. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने नोटरी नेमले जातात आणि सामान्यतः त्यासाठी दहा वर्षांची वकिली लागते. अमेरिकेतील नोटरीचे तसे नाही. तेथे बहुतेक राज्यांत कोणीही सज्ञान, निष्कलंक माणूस अर्ज करून नोटरी होऊ शकतो. कॅलिफोर्नियाची अट जरा कडक म्हणतात, तीही काय? सहा तासांचा अभ्यासक्रम, एक लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, पंधरा हजार डॉलरचा हमीरोखा आणि चार वर्षांची नेमणूक. न्हावी, मास्तर, गृहिणी, निवृत्त पोलीस, वाटेल तो नोटरी असतो. साऱ्या देशात अशी चाळीस लाखांहून अधिक माणसे आहेत.

हे पद तेथे किती घरगुती आहे याची एक गोष्ट सांगतो. १९२३ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष हार्डिंग अकस्मात वारले. उपाध्यक्ष कूलिज त्या रात्री व्हरमाँट राज्यातील आपल्या खेड्यात वडिलांकडे होते. उत्तररात्री पावणेतीनच्या सुमारास रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वडिलांनी मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली, कारण वडील त्या गावचे नोटरी होते. राज्याच्या नोटरीला केंद्राच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला शपथ देता येते काय, अशी शंका मागाहून निघाली आणि वॉशिंग्टनमध्ये गुपचूप दुसरी शपथ उरकून घेण्यात आली. शंका राहिली बाजूला, लोकांच्या लक्षात राहिला तो दिवा आणि तो म्हातारा.

दुसरी बाजूही पहिल्यापासूनच आहे. त्या भूमीवरचा पहिला नोटरी म्हणून १६३९ साली न्यू हेवनच्या वसाहतीत नेमलेल्या टॉमस फ्यूजिलचे नाव सांगतात. हे गृहस्थ कागदपत्रांत खोटी फिरवाफिरव केल्याबद्दल पदावरून गेले. म्हणजे शिक्का आणि शिक्क्याचा गैरवापर, दोन्ही एकाच जहाजातून उतरले म्हणा ना.

नोटरीचे काम तसे पाहिले तर अगदी लहान. समोरचा माणूस तोच आहे ना, तो स्वखुशीने सही करतो आहे ना, आणि सही माझ्या समक्ष झाली ना, या तीन गोष्टी पाहायच्या आणि शिक्का मारायचा. कागदात काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा इतिहास त्यातूनच निघतो.

आता हा नोटरी फिरू का लागला ते पाहू. पूर्वी अमेरिकेतील माणूस घरकर्ज घेई ते गावातल्या बचत संस्थेकडून. सही करायला तो त्या संस्थेतच जाई. टेबलापलीकडे बसलेला माणूस त्याला नावाने ओळखत असे आणि कर्जाचा कागद त्याच इमारतीतल्या तिजोरीत वीस-पंचवीस वर्षे पडून राही. मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, सरकारने घरकर्जांना विम्याचे संरक्षण दिले. १९३८ मध्ये कर्जे विकत घेणारी सरकारी संस्था निघाली आणि दीर्घ मुदतीचे, ठरावीक हप्त्याचे कर्ज सर्वसामान्य झाले. १९७० पासून अशा शेकडो कर्जांच्या मोळ्या बांधून त्यांचे रोखे विकण्याचा प्रघात पडला. गावातल्या टेबलाचा संबंध तेथून तुटू लागला. कर्ज देणारा एका राज्यात, कागद तयार करणारा दुसऱ्या, पैसे गुंतवणारा तिसऱ्या, आणि कर्जदार मात्र होता तेथेच, आपल्या स्वयंपाकघरात.

त्यात आणखी एक गोष्ट मिळाली. तेथे घरकर्जाचा व्याजदर बहुधा तीस वर्षांसाठी एकच बांधलेला असतो. बाजारातला दर उतरला की लोक नवे स्वस्त कर्ज काढून जुने महाग कर्ज फेडतात. यालाच रिफायनान्स म्हणतात. घर तेच, माणूस तोच, फक्त कागद नवे. दर उतरला की एकाच वेळी लक्षावधी लोकांना नवे कागद करावेसे वाटतात. २००१ पासून दर घसरत गेले आणि २००३ साली या उलाढालीने उच्चांक गाठला. एवढ्या लोकांना कचेरीत बोलवायला कचेऱ्या पुरेनात. लोकांनाही नोकरी बुडवून जायला नको होते. तेव्हा कागदच घरी पाठवायचे ठरले. पण कागद घरी नेणारा, ओळख पटवणारा, शिक्का मारणारा आणि कागद परत रवाना करणारा कोणी तरी हवा. अशा रीतीने फिरता नोटरी, ज्याला तिकडे साइनिंग एजंट म्हणतात, तो घाऊक प्रमाणात उभा राहिला. मॅसॅच्युसेट्स, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना अशा काही राज्यांत हे काम वकिलाच्या देखरेखीशिवाय चालत नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी मैदान मोकळे होते.

त्या मुलीचा एक दिवस तिने मला सांगितला तो असा. सकाळी मोबाइलवर संदेश येतो : अमुक गाव, संध्याकाळी साडेसहा, इतके डॉलर. तोच संदेश त्याच क्षणी आणखी वीस-पंचवीस नोटरींना गेलेला असतो. जो आधी "हो" म्हणेल त्याचे काम. "काका," ती म्हणाली, "अंघोळीला जाताना सुद्धा फोन बरोबर नेत होते." मला आमच्या कंपनीच्या फाटकावरचे बदली कामगार आठवले. सकाळी मुकादम बाहेर येई, बोटाने चार जणांना निवडी आणि बाकीचे घरी जात. फरक एवढाच की तेथे निदान मुकादमाचा चेहरा दिसत असे.

दुपारी कागद येतात, तारेवरून. दीडशे पाने, कधी जास्त. दोन प्रती छापायच्या, एक सहीची आणि एक कर्जदाराकडे ठेवायची. काही पाने आखूड, काही लांब, म्हणून दोन खणांचे छपाईयंत्र घरी ठेवावे लागते. यंत्र तिचे, शाई तिची, कागद तिचा, मोटार आणि पेट्रोल तिचे, चूक झाल्यास भरपाईचा विमाही तिचाच. मग तासभराचा रस्ता. स्वयंपाकघराच्या टेबलावर ताटे बाजूला सारून बसायचे. ओळखपत्र पाहायचे, नोंदवहीत लिहायचे. कॅलिफोर्नियात घराच्या दस्तासाठी नोंदवहीत उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा लागतो. पदवीधर माणसे अंगठा लावताना हसतात, असे ती म्हणाली. माझ्या आजोबांनी अंगठा लावला असेल तेव्हा कोणी हसले नसावे.

त्यानंतर सह्या. आधी वचनचिठ्ठी, म्हणजे मी इतके पैसे देणे लागतो. मग तारणाचा दस्त, म्हणजे न दिल्यास घर विका. कॅलिफोर्नियात या दस्ताच्या जोरावर कोर्टात न जाताही घर विकता येते, म्हणून तोच खरा कागद. मग खर्चाचा तक्ता, मग घोषणापत्रे, मग प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षरे. नावात मधले अक्षर छापले असेल तर सहीतही ते आलेच पाहिजे. एक आद्याक्षर राहिले तरी दुसऱ्या दिवशी स्वखर्चाने परत जायचे. शेवटी कुरियरची पेटी बंद होण्याच्या आत पाकीट टाकायचे. घरी यायला रात्रीचे दहा. या साऱ्याचे तिला शंभर डॉलरच्या आसपास मिळत, तेही महिना-दीड महिन्यानंतर. कागद करणाऱ्या कंपनीने याहून किती तरी जास्त रक्कम दिलेली असे. मधल्या, सह्यांची कंत्राटे घेणाऱ्या कंपनीने आपला वाटा कापलेला असे. कधी ती मधली कंपनीच बुडे, मग तिच्याकडचे तीन-चार महिन्यांचे काम फुकट गेले. दलाल बुडाला तर मजुरी बुडते, हे कळायला अमेरिकेला जावे लागत नाही. आपल्या कंत्राटी सफाई कामगारांना विचारा.

गंमत अशी की सरकारने शिक्क्याचा दर बांधलेला आहे. कॅलिफोर्नियात २०१७ पासून एका सहीमागे पंधरा डॉलरपेक्षा अधिक घेता येत नाहीत, न्यू यॉर्कमध्ये तर नुसते दोन. ही कमाल मर्यादा झाली. नोटरीच्या हाती निदान इतके तरी पडलेच पाहिजे, अशी किमान मर्यादा मात्र कोणी ठरवली नाही. जनतेला लुबाडू नये म्हणून शिक्केवाल्याला बांधले, शिक्केवाल्याला लुबाडणाऱ्याला मोकळे सोडले.

पण मजुरी हा विषयाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे मौन.

कर्जदार विचारतो, "हा व्याजदर पुढे वाढेल का हो?" नोटरीने उत्तर द्यायचे नाही. वकिलाखेरीज कोणी कायद्याचा सल्ला दिला तर तो तेथे गुन्हा होतो. हा दर येथे छापला आहे, हा हप्ता येथे, एवढे बोट ठेवून दाखवता येते. याचा अर्थ काय, हे कर्ज घ्यावे की नाही, हे बोलता येत नाही. फार तर "तुमच्या कर्ज-अधिकाऱ्याला फोन करा" म्हणायचे, आणि संध्याकाळी साडेसात वाजता तो फोन कोणी उचलत नाही. पाहा, टेबलावर माणसे दोन, त्यांतल्या एकाने हे कागद शेकडो वेळा पाहिलेले आहेत, आणि बोलण्याची बंदी नेमकी त्यालाच!

येथे आपल्या मुलुखातली एक तुलना केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर १८७९ साली सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा केला. त्यात गावोगाव निबंधक नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याचे खत या निबंधकाने स्वतः लिहायचे किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे, मग सही घ्यायची. कर्जदाराला वाचता येत नसेल तर दोन प्रतिष्ठित साक्षीदार आणखी. तो कायदा किती पाळला गेला हा वेगळा प्रश्न आहे, आणि सावकाराने पळवाटा शोधल्याच. मला दाखवायचे आहे ते एवढेच की, खतावरच्या सरकारी साक्षीदाराने खत वाचून दाखवावे, ही कल्पना त्या कायद्याला सुचली होती. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, साक्षीदाराने गप्प राहावे असे ठरले.

अमेरिकेच्या कायद्याने कर्जदाराला अगदीच वाऱ्यावर सोडले होते असे मात्र नाही. १९६८ च्या कायद्याने राहत्या घरावरचे नवे कर्ज सही झाल्यापासून कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करण्याचा हक्क दिला. घर विकत घेण्याच्या कर्जाला तो लागू नाही, रिफायनान्सला आहे. रविवार धरायचा नाही, शनिवार धरायचा. तारखांचा हा हिशेब नोटरीच्या डोळ्यांसमोर कागदावर लिहिलेला असतो, आणि चांगला नोटरी त्या पानावर बोट जरा जास्त वेळ ठेवतो. ती म्हणाली, "काका, मला बोलायची सोय एवढ्याच पानावर होती. मी ते पान सावकाश वाचायची."

एकदा ती एका वृद्ध गृहस्थाच्या घरी गेली. मुलगा शेजारी उभा होता आणि प्रत्येक प्रश्नाला तोच उत्तर देत होता. म्हातारा तिला दोनदा म्हणाला, "ही घराच्या विम्याची कागदं ना?" तिने वही मिटली. हा माणूस काय करतो आहे हे त्याला समजलेले दिसत नाही, म्हणून मी शिक्का मारणार नाही, असे सांगून ती उठली. कायद्याने तिला तो अधिकार होता. छपाईचे, पेट्रोलचे, सायंकाळचे पैसे मिळाले नाहीत, हे ओघानेच आले. त्या दलाल कंपनीकडून पुन्हा संदेश आला नाही. कोणी रागावले नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही. फोन नुसता वाजायचा थांबला. मी तीस वर्षे बडतर्फीची प्रकरणे लढवतो आहे. या बडतर्फीविरुद्ध कोठे दाद मागायची ते मलाही सांगता आले नाही.

आता विचार करा, २००४-०५ च्या सुमारास अशा किती टेबलांवर कोण कोण गप्प बसले असेल. त्या काळात पहिली दोन वर्षे स्वस्त आणि पुढे चढत जाणाऱ्या व्याजाची कर्जे ऐपत नसलेल्या लोकांना सर्रास दिली गेली. दलालाने तोंडी एक दर सांगितलेला असे, कागदावर दुसराच निघे, आणि तो प्रथम दिसे तो नोटरी समोर बसलेला असताना. खर्चाचा शेवटचा तक्ता सहीच्या तीन दिवस आधी हातात पडलाच पाहिजे असा नियम झाला तो २०१५ च्या ऑक्टोबरात, घरे गेल्यावर. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि जगाला कळले की मोळ्यांच्या आत ओली लाकडे होती. नोटरींनी हे घडवले असे मी म्हणत नाही. शिक्केवाल्याला दोषी धरणे सोपे असते, कारण त्याचे नाव कागदावर असते.

तरीही शिक्क्यावरचा डाग टळला नाही, आणि तो लागला घरोघर फिरणाऱ्यांमुळे नव्हे, कचेरीत बसलेल्यांमुळे. फ्लॉरिडा, न्यू यॉर्क यांसारख्या राज्यांत घर जप्त करायला कोर्टात प्रतिज्ञापत्र द्यावे लागते की मी हे कर्जप्रकरण स्वतः तपासले आहे. २०१० साली साक्षींतून बाहेर आले की एका मोठ्या कर्ज-कंपनीचा एक अधिकारी महिन्याला सुमारे दहा हजार अशा कागदांवर सह्या करीत होता. महिन्याच्या कामाच्या तासांनी भागून पाहा. न वाचता केलेल्या या सह्या, आणि खाली नोटरीचा शिक्का की "माझ्या समक्ष शपथेवर सांगितले." नोटरी दुसऱ्या खोलीत, कागद ढिगाने. जॉर्जिया राज्यातल्या एका कारखान्यात तर (कारखानाच म्हणतो) एकाच बाईच्या नावाने निरनिराळ्या नोकरांनी सह्या ठोकल्या. तिचे नाव का निवडले? लिहायला आखूड आणि सोपे होते म्हणून! त्या कंपनीच्या प्रमुख बाईला २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

याच धामधुमीत एक चमत्कारिक गोष्ट घडली. एका राज्यातील नोटरीचा शिक्का दुसऱ्या राज्यातल्या कोर्टांनी मानलाच पाहिजे, अशा आशयाचे एक छोटेसे विधेयक सप्टेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये चर्चेवाचून मंजूर झाले. एरवी कोणाचे लक्षही गेले नसते. पण नेमके तेव्हाच खोट्या प्रतिज्ञापत्रांचे प्रकरण पेटले होते. असा कायदा झाला तर जप्तीच्या संशयास्पद कागदांना वाट मोकळी होईल अशी ओरड झाली, आणि ऑक्टोबरात अध्यक्ष ओबामांनी सही करायला नकार दिला. ज्या शिक्क्याला कोणी विचारीत नव्हते त्याच्यासाठी राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार वापरावा लागला! पुढे २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

तुम्ही म्हणाल, एवढी माणसे, एवढा अन्याय, मग संघटना का नाही? माझ्या धंद्याचा प्रश्न आहे, म्हणून येथे जरा थांबतो. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने कामगारांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. १९४७ च्या दुरुस्तीने त्यातून "स्वतंत्र कंत्राटदार" वगळले. फिरता नोटरी कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहे, म्हणजे एक छोटा व्यापारी. आणि व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन दर ठरवला तर? तर १८९० चा मक्तेदारीविरोधी कायदा आड येतो. रॉकफेलरसारख्यांना आवरण्यासाठी केलेला कायदा शंभर डॉलरच्या नोटरीच्या मानेवर बसतो. हे मी रचून सांगत नाही. गरीब आरोपींची कामे चालवणाऱ्या वॉशिंग्टनच्या वकिलांना कोर्टातल्या तासाला तीस आणि बाहेरच्या तासाला वीस डॉलर मिळत. १९८३ मध्ये त्यांनी वाढीव दराशिवाय नवी कामे घेणार नाही असे ठरवले. सरकारने ३५ डॉलर दिलेही. पुढे १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा संप नव्हे, ही बेकायदा दरबंदी आहे. वकिलांची ही गत, तर नोटरींनी "दीडशेच्या खाली कोणी जायचे नाही" असे जाहीर ठरवायचे धाडस कसे करावे? एक राष्ट्रीय नोटरी संस्था आहे, १९५७ पासूनची. ती अभ्यासक्रम चालवते, शिक्के आणि विमा विकते. उपयोगी आहे, पण मालकासमोर बसून दर बोलणारी ती संस्था नाही. म्हणून नोटरी आपसात एवढेच करतात की पैसे बुडवणाऱ्या दलालांची नावे एकमेकांना कळवतात. आमच्या युनियनचाही जन्म अशाच एका यादीतून झाला होता. भिंतीवर खडूने लिहिलेली यादी होती ती.

करोनाच्या साथीत अखेरची मोठी भरती आली. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला. लोकांच्या अंगणात, मोटारीच्या टपावर, तोंडाला फडकी बांधून सह्या झाल्या. ती म्हणाली की त्या वर्षी दिवसाला चार-पाच घरे होत आणि नवे नोटरी पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. मग दर चढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्के झाला. तीन टक्क्यांचे कर्ज सोडून पावणेआठाचे कोण घेईल? काम जवळजवळ आटले. जे उरले त्यावर दहा जणांचे फोन टपलेले, आणि शंभराचे साठ झाले. शिवाय पडद्यावरून शिक्का मारण्याची सोय २०१२ पासून व्हर्जिनियाने सुरू केली होती. साथीच्या काळात ती बहुतेक राज्यांत पसरली. पडद्यावरच्या नोटरीला पेट्रोल लागत नाही, हे खरे. त्याला खोलीत शेजारी कोण उभा आहे तेही दिसत नाही.

ती परत जाण्याच्या आदल्या दिवशी कचेरीत आली तेव्हा मी विचारले, "आता तिकडे काय करणार?" म्हणाली, एका शाळेत कारकुनाची नोकरी मिळते आहे, नोटरीपण सोडणार. मी म्हणालो, "मग त्या वह्यांचे काय?" कॅलिफोर्नियाचा कायदा असा आहे की काम सोडल्यावर तीस दिवसांच्या आत साऱ्या नोंदवह्या जिल्ह्याच्या कचेरीत जमा करायच्या आणि शिक्का निकामी करून टाकायचा. अकरा वर्षांत तिच्या नऊ वह्या भरल्या होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, कागदाचे नाव, सही आणि अंगठा. त्या म्हाताऱ्याची ओळही आहे का, असे मी विचारले.

"आहे ना," ती म्हणाली. "नाव आणि वेळ लिहून झाली होती. सहीची आणि अंगठ्याची जागा मोकळी आहे."